गुलाबांचा दिवस: सहाव्या शतकातले गाझा आणि तिथल्या माणसांचे ग्रीकपण

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला गाझा शहरात वसंत ऋतूमध्ये ‘गुलाबांचा दिवस’ नावाचा उत्सव होत असे. त्या दिवशी शहरातले शिक्षक आणि कवी जमलेल्या लोकांपुढे गुलाबावर भाषणे करीत, कविता म्हणत, आणि त्यांत एक कथा पुन्हापुन्हा येई. गुलाब मुळात पांढरा होता. आपल्या प्रियकराकडे, अडोनिसकडे, धावत निघालेल्या ॲफ्रोडाइटी देवीच्या पायात त्याचा काटा रुतला आणि तिच्या रक्ताने तो लाल झाला. ही कथा सांगणाऱ्यांत प्रोकोपिअस होता, गाझाचा सर्वांत नामवंत शिक्षक. तो श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि बायबलमधल्या अनेक ग्रंथांवर त्याने जुन्या भाष्यकारांची वचने एकत्र करून टीका लिहिल्या होत्या. त्याच्या जन्मापूर्वी जेमतेम दोन पिढ्या, याच शहराच्या एका चौकात ॲफ्रोडाइटीचा संगमरवरी पुतळा उभा होता, बायका त्याच्यापुढे दिवे लावीत, आणि ख्रिस्ती मिरवणूक क्रूस घेऊन जवळ येताच तो कोसळून फुटला, असे तिथल्या बिशपच्या चरित्रात लिहिलेले आहे. पुतळा गेल्यावर शंभर वर्षांनी त्याच देवीचे रक्त गुलाबात दाखवणाऱ्या, आणि तरीही चर्चशी एकनिष्ठ असणाऱ्या माणसाची ओळख नेमकी कशाची बनलेली होती, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आज आपल्याला गाझा हे नाव बहुतेक युद्धाच्या बातम्यांतूनच ऐकू येते. इथे ज्या गाझाविषयी लिहिले आहे ते त्याच जागेवरचे शहर आहे, पण काळ दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे. इतिहासकार साधारण इ. स. ३०० ते ६५० या काळाला उत्तर-प्राचीन काळ म्हणतात. रोमन साम्राज्य तेव्हा संपलेले नव्हते; त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलला होती आणि त्याच्या पूर्वेकडच्या प्रदेशात सुशिक्षितांची भाषा ग्रीक होती. अलेक्झांडरने इ. स. पू. ३३२ मध्ये वेढा घालून गाझा जिंकले, तेव्हापासून या किनाऱ्यावर ग्रीक भाषा मूळ धरत गेली होती. इजिप्त आणि सिरिया यांना जोडणाऱ्या वाटेवरचे, माइउमा हे स्वतःचे बंदर असलेले हे श्रीमंत व्यापारी शहर होते. गाझाची द्राक्षदारू लांबट मातीच्या रांजणांत भरून पार गॉलपर्यंत, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशापर्यंत, जाई आणि तिथल्या लेखकांनीही तिचा उल्लेख केला आहे. शहराच्या रस्त्यांवरून काय काय जात असेल याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगतो. टिमोथिअस नावाच्या गाझाच्या व्याकरणशिक्षकाने प्राण्यांवर पुस्तक लिहिले, आणि त्यात सम्राट अनास्तासिअसला भेट म्हणून पाठवलेले दोन जिराफ आणि एक हत्ती गाझातून नेले गेल्याचे नोंदवले आहे. हे प्राणी ‘भारतातून’ आले असे त्या काळचे लोक लिहितात. जिराफ आपल्याकडे कधीच नव्हते. तांबड्या समुद्रापलीकडच्या आफ्रिकेलाही तेव्हा सर्रास ‘इंडिया’ म्हणत.

या शहरात घरोघरी काय बोलले जात होते हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वर ज्या बिशपच्या चरित्राचा उल्लेख केला तो पॉर्फिरी, आणि ते चरित्र मार्क नावाच्या त्याच्या सहकाऱ्याच्या नावावर आहे. त्यातला प्रत्येक तपशील खरा मानायला आजचे अभ्यासक तयार नाहीत, पण भाषेविषयी त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. इ. स. ४०२ मध्ये मार्नास या गाझाच्या मुख्य दैवताचे भव्य मंदिर पाडायचे ठरले, पण ते कसे पाडावे यावर एकमत होईना. तेव्हा सात वर्षांच्या एका मुलाने अंगात आल्यासारखे होऊन मंदिर कसे जाळावे ते सांगितले, आणि ते त्याने सिरिॲक भाषेत, म्हणजे तिथल्या अरामी बोलीत सांगितले. बिशपने त्याच्या आईला दरडावून विचारले असता तिने शपथेवर सांगितले की मला किंवा माझ्या मुलाला ग्रीक येत नाही; आणि मग तो मुलगा तेच शब्द ग्रीकमध्ये बोलला, हाच चमत्कार मानला गेला. गाझाच्या सामान्य घरातल्या मुलाने ग्रीक बोलणे हा चमत्कार वाटावा, अशी ज्या समाजाची स्थिती होती, त्याच समाजातून पुढच्या शतकात साम्राज्यातले सर्वांत घोटीव ग्रीक गद्य लिहिणारे लोक आले.

म्हणजे गाझाचे ग्रीकपण रक्ताने आलेले नव्हते. मूळ पुरुष ग्रीसहून आले असा दावा शहरे करीत असत हे खरे. मार्नास म्हणजे क्रीट बेटावर जन्मलेला झ्यूसच, असेही गाझाचे लोक म्हणत. परंतु रोजच्या व्यवहारात ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाला शिकलेल्या माणसाकडे एकाहून अधिक उत्तरे होती आणि ती एकमेकांना छेद देत. कायद्याने तो रोमन होता. प्रदेशाने तो सिरियन किंवा पॅलेस्टिनी होता. धर्माने ख्रिस्ती, यहुदी, किंवा अजून जुन्या देवांना मानणारा होता. मग ‘हेलेन’, म्हणजे ग्रीक, हा शब्द कुठे बसत होता? इथे एक मोठी अडचण उभी राहिली होती, कारण चर्चच्या भाषेत ‘हेलेन’ या शब्दाचा अर्थ ‘मूर्तिपूजक’ असा झाला होता. ख्रिस्ती शिक्षकाने स्वतःला हेलेन म्हणवून घेणे म्हणजे आपला धर्म नाकारणे ठरले असते. म्हणून भाषेचा आणि विद्येचा अभिमान सांगायचा असेल तेव्हा ही माणसे ‘ॲटिक’ हा शब्द वापरीत. ॲटिका हा अथेन्सभोवतालचा प्रदेश, आणि ॲटिक म्हणजे अथेन्सच्या वैभवाच्या काळातली भाषा.

ही भाषा कोणाचीच मातृभाषा नव्हती. डेमॉस्थेनिस या वक्त्याने अथेन्सच्या सभेत भाषणे केली ती इ. स. पू. चौथ्या शतकात, आणि प्रोकोपिअस शिकवत होता तो काळ त्यानंतर सुमारे साडेआठशे वर्षांचा. यादवकाळातल्या मराठीत आज एखाद्याने भर सभेत तासभर भाषण करावे, त्यात नंतरच्या काळातला एकही शब्द येऊ देऊ नये, आणि श्रोत्यांनी त्याची एकेक चूक हेरावी, असे डोळ्यांपुढे आणले तर अंतराचा अंदाज येतो. ग्रीक माणसालासुद्धा ही भाषा शाळेतच शिकावी लागे, आणि गाझाच्या पोराला शिकावी लागे तितकीच कष्टाने शिकावी लागे. शहराच्या दृष्टीने ही फार मोठी मोकळीक होती. अथेन्समध्ये जन्मलेल्याला जन्माचा फायदा उरला नव्हता. गाझाचाच आणखी एक शिक्षक एनिअस याने एका पत्रात अशा आशयाचे लिहिले आहे की आता अथेन्सचेच लोक ॲटिक बोलायला सिरियनांकडून शिकू लागले आहेत. हे वाक्य मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. आपण सिरियन आहोत हे लपवण्याची त्याला गरज वाटत नाही. सिरियन असूनही नव्हे, तर सिरियन राहून आपण ॲटिक आहोत, असा त्याचा अभिमान आहे.

शिक्षण कसे चाले ते थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण ओळख घडवण्याचे खरे काम तिथे होत असे. लहानपणी अक्षरे गिरवून झाली की मुलगा व्याकरणशिक्षकाकडे जाई आणि ट्रॉयच्या युद्धाचा महाकवी होमर याच्या ओळी पाठ करू लागे. शब्दन् शब्द फोडून त्याचा अर्थ, वंशावळ, भूगोल, देवदेवता हे सारे त्या निमित्ताने शिकवले जाई. किशोरवयात तो वक्तृत्वशिक्षकाकडे, म्हणजे सोफिस्टकडे जाई. तिथे ठरलेल्या क्रमाने पाठ असत: आधी एखादी प्राणिकथा आपल्या शब्दांत सांगणे, मग एखादे वचन विस्तारणे, मग एखाद्या चित्राचे किंवा इमारतीचे असे वर्णन करणे की ऐकणाऱ्याला ती वस्तू दिसू लागावी, आणि मग दुसऱ्याच्या तोंडाने बोलणे. हा शेवटचा पाठ फार महत्त्वाचा होता. अमुक प्रसंगी अमुक माणूस काय बोलला असता, असा विषय दिला जाई आणि विद्यार्थ्याने त्या माणसाचे वय, स्वभाव, दुःख ओळखून ते भाषण रचायचे असे. वसंतातला मेंढपाळ काय म्हणेल, मुलगा गमावलेला ट्रॉयचा राजा प्रायम काय म्हणेल. वर्षानुवर्षे असे पाठ केलेल्या माणसाच्या मनात ट्रॉयची माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकी ओळखीची झालेली असत, आणि कुठेही गेले तरी त्याला तेच शेजारी असलेली माणसे भेटत. अलेक्झांड्रिया, अँटिओक, बैरुत, कॉन्स्टँटिनोपल अशा शहरांत पसरलेल्या मित्रांना आणि माजी विद्यार्थ्यांना प्रोकोपिअसने लिहिलेली दीडशेहून अधिक पत्रे शिल्लक आहेत. ‘पत्र का लिहीत नाहीस’ ही तक्रार त्यांत इतक्या परींनी येते की तीच त्या मैत्रीची रीत होती हे लक्षात येते. वाळवंटाच्या कडेच्या एलूसा गावच्या एका मित्राला तो तिथल्या वाऱ्याने उडणाऱ्या वाळूवरून चिडवतो, तेही पुराणातल्या देवतांची नावे पेरून. ती नावे न ओळखणाऱ्याला हे पत्र समजणार नाही, आणि ओळखणाऱ्याला ते समजण्याआधीच आपण एकाच कुळातले असल्याची खूण पटते.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगतो, कारण ती मला अतिशय सुंदर वाटते. गाझाचे लेखक शब्द जुने वापरत, पण वाक्याचा शेवट करताना एक नवा नियम कसोशीने पाळत. वाक्यातल्या शेवटच्या दोन आघातयुक्त, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या, अक्षरांच्या मध्ये आघात नसलेली अक्षरे सम संख्येने, म्हणजे दोन किंवा चार, यावीत असा तो नियम आहे. डेमॉस्थेनिसच्या काळात ग्रीक उच्चार ऱ्हस्व-दीर्घावर आणि स्वराच्या चढउतारावर चाले. सहाव्या शतकापर्यंत तो भेद बोलण्यातून गेला होता आणि त्याची जागा जोर देण्याने घेतली होती. म्हणजे या लेखकांनी शब्द हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या दिशेने नेले, पण लय आपल्या काळातल्या जिवंत कानासाठी बांधली. अरामी बोलणाऱ्या एखाद्या दुकानदाराला शब्दांचा बारकावा कळला नसेल, तरी वाक्य उतरतानाचा तो तोल त्याच्याही कानाला जाणवत असणार.

आणि हे सारे ऐकायला लोक खरोखर जमत. प्रोकोपिअसचा शिष्य आणि उत्तराधिकारी कोरिकिअस याची भाषणे आपल्याला बऱ्याच संख्येने मिळाली आहेत आणि त्यांवरून शहराचे सार्वजनिक जीवन दिसते. बिशप मार्सिअनने बांधलेल्या चर्चचे कौतुक, बिशपच्या आईचे, मारियाचे, मृत्युनंतरचे गुणगान, विद्यार्थ्यांच्या लग्नातली भाषणे, आपल्या गुरूवरची शोकसभा, हे सर्व त्याच्याकडे येई. त्याखेरीज त्याने कल्पित खटल्यांची भाषणे केली. त्यांतले एक असे आहे: स्पार्टामध्ये मुली कुरूप जन्मू लागल्या, देवीला प्रसन्न करा असा कौल मिळाला, म्हणून शिल्पकार प्राक्सिटेलिसकडून ॲफ्रोडाइटीची मूर्ती करवली, तर त्याने तिला आपल्या प्रेयसीचा, फ्रिनी नावाच्या गणिकेचा, चेहरा दिला. ही मूर्ती स्वीकारावी का? असा खटला कधीच झाला नाही. तो उभा करून कोरिकिअस आपल्या श्रोत्यांना मूर्ती आणि मूळ, कला आणि शील यांच्यातल्या नात्याचा विचार करायला लावतो, आणि हा प्रश्न ज्या शहराने आपल्या मूर्ती नुकत्याच फोडल्या होत्या त्याला परका नव्हता. नकलाकारांच्या बचावासाठीही त्याने मोठे भाषण लिहिले. धर्मगुरू रंगभूमीवर अनीतीचा आरोप करीत असताना, सोंग घेणारा माणूस ते सोंग होत नाही, असे त्याने जाहीरपणे मांडले. दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्याचे शिक्षण देणाऱ्या शिक्षकासाठी हा बचाव स्वतःच्या विद्येचाही होता.

शहरातल्या वस्तूसुद्धा ही भाषा बोलत होत्या. गाझामध्ये सार्वजनिक जागी एक घड्याळ होते आणि प्रोकोपिअसने त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. दिवसाच्या बारा तासांसाठी बारा दारे होती, सूर्यदेवाची आकृती त्यांच्यासमोरून सरकत जाई, तास पुरा होताच त्या त्या दारातून ग्रीक पुराणांतला महावीर हेराक्लिस आपल्या बारा पराक्रमांपैकी एक दाखवीत बाहेर येई, आणि वर बसलेला गरुड पंख पसरून त्याच्या डोक्यावर विजयमाळ धरी. बाजारात भाजी घ्यायला आलेल्या माणसाला वेळ पाहायची असेल तर त्याला हेराक्लिस माहीत असणे सोयीचे होते. याच परंपरेत गाझाच्या जॉन नावाच्या कवीने एका हमामखान्यातल्या विश्वाच्या चित्रावर सुमारे सातशे ओळींचे होमरच्या छंदातले काव्य लिहिले.

आता मूळ अडचणीकडे येतो. हे लोक मनातून जुन्या देवांचेच भक्त होते काय? काही अभ्यासकांना पूर्वी तसा संशय येत असे, तर काहींनी उलट असे म्हटले की पुराणकथा म्हणजे अर्थ उडून गेलेली नुसती नक्षी होती. मला ही दोन्ही मते पटत नाहीत, आणि त्याचे कारण कोरिकिअसच्याच एका वर्णनात आहे. चर्चमधल्या भित्तिचित्रांविषयी बोलताना तो सांगतो की चित्रकाराने कवींचे लाडके पक्षी, बुलबुलासारखे, मुद्दाम गाळले, कारण त्यांच्यामागे पुराणकथा आहेत आणि पवित्र जागी त्यांची आठवणसुद्धा येऊ नये. त्याऐवजी त्याने तित्तिर आणि इतर साधे पक्षी रंगवले. म्हणजे कथांमध्ये अजून जोर आहे हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि कोणती कथा कोणत्या जागी चालेल याचा विवेक त्याच्या श्रोत्यांकडेही होता. चर्चच्या भिंतीवर बुलबूल नको. पण बाजाराच्या घड्याळात हेराक्लिस आणि उत्सवाच्या भाषणात ॲफ्रोडाइटी हवी. एनिअसने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. आत्मा जन्मापूर्वी असतो का, मेलेले शरीर पुन्हा उठेल का, या वादात त्याने ख्रिस्ती बाजू मांडली, पण ती प्लेटोच्या संवादांसारख्या संवादात, प्लेटोच्याच शब्दकळेत, आणि जुन्या मताचा तत्त्वज्ञ शेवटी ती मान्य करतो असे दाखवून. ज्या विद्येने प्लेटोच्या अनुयायांना त्यांची ओळख दिली होती तीच विद्या हातात घेऊन त्यांच्याशी वाद घालणे हे केवळ नक्षीकाम करणाऱ्याचे काम नव्हे. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनिअनने अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद पाडले, तेव्हा गाझाच्या शिक्षकांना मात्र धक्का लागला नाही.

हा जो सांस्कृतिक व्यवहार होता त्याच्या कक्षेबाहेर शहरातले बहुसंख्य लोक होते, हेही सांगितलेच पाहिजे. वक्तृत्वशिक्षण फक्त मुलांना आणि तेही पैसेवाल्यांच्या मुलांना मिळे. तरीही ग्रीक आकार किती दूरवर झिरपले होते याचा एक पुरावा १९६५ मध्ये गाझाच्या किनाऱ्याजवळ सापडला. तो म्हणजे एका सिनेगॉगची, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाची, चित्रजडित फरशी. तिच्यावर दावीद राजा वीणेसारखे वाद्य वाजवत बसला आहे आणि प्राणी त्याच्याभोवती ऐकत आहेत; हे चित्र ग्रीक गायक ऑर्फिअसचे आहे, मात्र शेजारी हिब्रू अक्षरांत ‘दावीद’ असे नाव लिहिले आहे. फरशी घालून देणाऱ्यांचा लेख ग्रीकमध्ये आहे: मेनाहेम आणि येशुआ हे दोघे भाऊ, धंद्याने इमारती लाकडाचे व्यापारी. साल निघते इ. स. ५०८-९. प्रोकोपिअस तेव्हा हयात होता आणि शिकवत होता. त्याच्या शाळेत हे लाकडाचे व्यापारी कधी गेले नसतील, पण आपला राजा दाखवायचा तर ऑर्फिअसच्या आकारात दाखवावा, हे त्यांनाही सुचले.

शहराबाहेरच्या मठांत चित्र वेगळे होते. थावाथा गावच्या मठात बार्सानुफिअस नावाचा एक इजिप्तचा वृद्ध साधू कोणालाही न भेटता कोठडीत राहत असे आणि लोकांच्या शंकांना लेखी उत्तरे पाठवत असे. त्याची आणि जॉन नावाच्या त्याच्या साथीदाराची मिळून साडेआठशेच्या आसपास पत्रे जपली गेली आहेत. त्यांची ग्रीक साधी, अलंकार नसलेली आहे. याच मठात डोरोथिअस नावाचा एक शिकलेला तरुण आला आणि सोबत पुस्तके घेऊन आला. पुढे तो स्वतः गुरू झाला तेव्हा शिष्यांना त्याने आपल्या विद्यार्थिदशेची हकिकत सांगितली: सुरुवातीला पुस्तक हातात घ्यायचे म्हणजे जंगली श्वापदाला हात लावण्यासारखे वाटे, पण नेटाने करत राहिल्यावर अशी गोडी लागली की आपण काय खाल्ले, काय प्यायलो, कसे झोपलो, याचेही भान राहिले नाही. त्याने हे सांगितले ते सद्गुणांचा अभ्यास कसा करावा हे शिकवताना, आणि दाखला घेतला तो होमर पाठ करणाऱ्या पोराच्या मेहनतीचा.

सातव्या शतकात अरब सैन्याने गाझा घेतले त्याच्या आधीच, सहाव्या शतकाच्या मध्यानंतर, या शाळेचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो. तिची भाषणे मात्र बायझंटाईन, म्हणजे पुढच्या काळातल्या पूर्व रोमन साम्राज्यातले, विद्यार्थी नमुना म्हणून वाचत राहिले. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान धर्मगुरू फोटिअस याने कोरिकिअस वाचला, त्याच्या स्वच्छ आणि गोड शैलीची वाखाणणी केली, त्याच्या श्रद्धेविषयी ग्वाहीही दिली, आणि मग नाराजी नोंदवली: पवित्र विषयांवर बोलतानासुद्धा हा माणूस मूर्तिपूजकांच्या कथा कारण नसताना मध्ये का आणतो? गुलाबांच्या दिवशी गाझात जमलेल्या लोकांपैकी कोणाला हा प्रश्न पडला असता असे मला वाटत नाही.